आजीचं पाणी

मिरान पाण्यातून वर आली ती पोट धरूनच. जाळीत दोन शंख. वीस वर्षं कोरियातल्या जेजू बेटाच्या समुद्रात शंख काढायला बुड्या मारणारी छत्तीस वर्षांची बाई, आणि अख्ख्या सकाळीत दोन शंख!

दगडी आडोशात, शेकोटीभोवती ओल्या बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. मिरान वाकूनच टेकली. तिला एंडोमेट्रिओसिस होता, गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर पोटात भलतीकडेच वाढायचा. तीन ऑपरेशनं झाली. दर वेळी डॉक्टरांनी एकमेकांना चिकटलेली आतडी सोडवली, दर वेळी ती नव्यानं चिकटली. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "आता कापलं तर आणखी चिकटेल." गोळ्यांनी जेमतेम निम्मं दुखणं जाई. उरलेलं घेऊन ती बुडी मारी.

"उद्यापासून आजीच्या पाण्यात उतर," बोकसून आजी म्हणाली.

शेकोटीभोवतीच्या सगळ्या माना मिरानकडे वळल्या. आजीचं पाणी म्हणजे खडकाआडचा उथळ पट्टा, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांसाठी राखलेला. तरुण बाईनं तिथली गोगलगाय उचलली तरी गावभर बोभाटा व्हायचा.

"मला अजून दात आहेत, आजी!"

"मलाही आहेत की," कोपऱ्यातली म्हातारी चुन्जा म्हणाली. "घरी, पेल्यात."

सगळ्या खदखदून हसल्या. मिरान हसली नाही.

"दयेचं पाणी मला नको. बुडी मारीन तर खोलातच."

"मग उद्या येऊच नकोस. खाली गेलेली बाई मला वर आलेली लागते."

बोकसून आजी बायांची म्होरकी. वय ब्याऐंशी. तरुणपणी पाय धरणाऱ्या एका ऑक्टोपसच्या आठही हातांना गाठी मारून तिनं त्याला परत सोडलं होतं. तो अजून गाठी सोडवतोय म्हणतात. तिच्या शब्दापुढे कुणाचं चालत नसे.

"मी समुद्र सोडणार नाही," मिरान म्हणाली. मान खाली गेली नाही.

आजीनं निखाऱ्यांतून आपला चपटा दगड चिमट्यानं ओढला. गुडघे शेकायचा तो दगड सगळ्यांच्या ओळखीचा होता. तिनं तो फडक्यात गुंडाळून मिरानच्या ओटीपोटावर ठेवला. बेतून घेतल्यासारखा बसला.

"आजी, तुझे गुडघे..."

"गुडघ्यांना काय धाड भरलीय? ते ठणठणीत आहेत." आजीनं दगड नीट दाबून धरला. "मलाही हेच होतं. तेव्हा इथं या दुखण्याला नाव नव्हतं. डॉक्टर म्हणाला, बाईच्या जातीला असायचंच. मीही तुझ्यासारखीच हटून बसले. मग बायांनी खडकाआडचं पाणी राखून दिलं. वाईट दिवशी तिथं, बऱ्या दिवशी खोलात. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते गं. आजीचं पाणी हे नाव नंतर पडलं, मी आजी होईपर्यंत टिकले म्हणून."