शालनचा हात

"शेळी गाभण हाय. तुझा हात लागायला नको," म्हणत हौसाआत्या गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिली.

शालननं खांद्यावरचा निळा डबा खाली ठेवला. आज त्यात बर्फावर शेळ्यांची लस होती. याच डब्यातून चार वर्षं ती शहरातल्या दवाखान्यातली स्वतःची इंजेक्शनं आणायची. मूल व्हावं म्हणून पोटाची चामडी चिमटीत धरायची आणि आपल्याच हातानं सुई टोचायची. पाचव्या खेपेलाही दिवस राहिले नाहीत, तेव्हा नवरा म्हणाला, "आणखी एकदा बघू."

"पोट माझं हाय. आता बास," ती म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी त्या दिवशी पोटभर जेवली. पुढं शेळ्यांना लस टोचायला शिकवायच्या शिबिरात बाकीच्या बाया सुई बघून मागं सरल्या. हिनं पहिल्याच खेपेला नीट टोचली.

"आत्या, गेल्या पावसाळ्यात तुमच्या दोन शेळ्या रोगानं मेल्या, तवा कुणाचा हात लागला हुता?"

आत्या बाजूला सरली. शालननं शेळीची चामडी तशीच चिमटीत धरून सुई दिली. शेळी ओरडलीसुद्धा नाही. तेवढ्यात दुसऱ्या तळहाताखाली, शेळीच्या पोटात, पिल्लू हललं. शालन क्षणभर थांबली. जुनी कळ आता उठणार, असं तिला वाटलं. कळ उठलीच नाही.

"हिला सोडा, पुढची आणा," डबा जवळ ओढत ती म्हणाली. "अजून चाळीस दारं हायेत मला."