छत्री

"डौला?" सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "डॉक्टर नाही, नर्स नाही. म्हणजे नुसताच डौल म्हणायचा."

बाळंतपणात सोबत करायला आलेल्या त्या बाईंनी हसून सुनेची कंबर चोळणं चालू ठेवलं. बावीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. असले टोमणे त्यांना आता चहाबरोबरच्या बिस्किटासारखे झाले होते. हात कमरेवर होते, पण कान एका शब्दाकडे लागले होते.

तो शब्द होता छत्री. सुनेनं आणि त्यांनी मिळून ठरवलेला. सुनेला कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन हवं होतं. पहिल्याच भेटीत तिनं ते सांगितलं होतं. डॉक्टरांशी बोलून झालं होतं, कागदावर सहीसुद्धा झाली होती. अडचण एकच, सासूबाईंसमोर ते मागायचं कसं? "तीन बाळंतपणं झाली, पण हूं की चूं केलं नाही मी," हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. भाजी चिरताना, घड्या घालताना, एकदा तर नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही त्यांनी ते ऐकवलं होतं.

म्हणून छत्री. सून तो शब्द म्हणाली की डौलाबाईंनी सासूबाईंना कसंही करून बाहेर काढायचं आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना आत आणायचं.

सुनेला मोकळेपणानं मागता यावं म्हणून डौलाबाईंनी आधीच खटपट सुरू केली, पण बाहेर जाणाऱ्यांतल्या सासूबाई नव्हत्याच.

"काकू, जरा चहा घेऊन येता?"

"थर्मास आणलाय."

"मग मुलाला एक फोन करता?"

"दाराबाहेर तर उभा आहे. फोन कशाला, हाक मारते."

"निदान पाय तरी मोकळे करून या."

"माझे मोकळेच आहेत. तुम्ही हिचे बघा."

कळ आली की सून उशीचा कोपरा दातात धरायची. कळ ओसरली की डौलाबाई कानाशी वाकून विचारायच्या, "काही हवंय, बाळा?" सून सासूबाईंकडे पाहायची आणि मान हलवायची. दोनदा तो शब्द डौलाबाईंच्या जिभेवर आला आणि दोनदा त्यांनी तो गिळला. जिचं बाळंतपण, तिनंच मागायचं, हा त्यांचा नेम होता. मागेपर्यंत थांबायचं. मागितलं की मात्र धावत सुटायचं.

अडीचला सिस्टर डोकावली. "भुलीचे डॉक्टर तीनला ऑपरेशनला आत जाणार. मग दोन तास कुणाच्या हाती लागायचे नाहीत. काही लागणार असेल तर आत्ताच सांगा."

सुनेच्या डोळ्यांतून पाणी घरंगळून कानात गेलं, पण दात उशीत घट्ट होते.

सासूबाई उठल्या. थर्मासचं झाकण त्यांनी घट्ट लावलं.

"सिस्टर, छत्री हवीय."

"का, काकू? बाहेर निघालात?"

"मला नाही. हिला."

डौलाबाईंचा हात होता तिथेच थांबला. सुनेच्या तोंडातून उशी सुटली.

"बघता काय अशा? महिनाभर गॅलरीत फोनवर चाललंय, छत्री म्हटलं की इंजेक्शन, छत्री म्हटलं की इंजेक्शन. मी पलीकडे कपडे वाळत घालत होते, बहिरी झाले नव्हते. म्हटलं, वेळ आली की मागेल आपणहून. तर ही माझं तोंड बघून स्वतःचं दाबून बसलीय!" त्या सुनेकडे वळल्या. "पण मी मागून काय उपयोग? पाठ तुझी आहे. म्हण. हवं तर मी भिंतीकडे तोंड करते."

आणि खरंच त्या भिंतीकडे वळून हात कसे धुवावेत याचा तक्ता वाचू लागल्या.

"छत्री!" सून अशी ओरडली, की बाहेर नवऱ्याच्या हातातली फाइल खाली पडली. "छत्री! इंजेक्शन! दोन्ही!"

डौलाबाई धावल्या.

डॉक्टर आले. सुनेनं डौलाबाईंच्या खांद्यावर कपाळ टेकलं, मांजरीसारखी पाठ गोल केली आणि त्यांच्या श्वासाबरोबर श्वास घेत स्तब्ध बसली. थोड्या वेळानं तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या.

"आता हिचं दुखायचं थांबलं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे तुमचं काम संपलं."

"छे! पाय जड झालेत हिचे. थोड्या थोड्या वेळानं कूस बदलून द्यायची, गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची. मध्ये झोपवायचंही. आणि जोर लावायची वेळ आली की जवळ राहून सांगायचं, कारण तिला नीट कळेलच असं नाही."

सासूबाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला आणि सुनेचा दुसरा पाय धरला. "दाखवा कसं ते. मलाही येऊ दे थोडा डौल."

सून तासभर झोपली. सहाच्या सुमारास मुलगी झाली. बाहेर येताच तिनं असं भोकाड पसरलं, की दुपारपासून सासूबाईंचं ते वाक्य दोनदा ऐकलेल्या सिस्टरला राहवलं नाही.

"केवढा हा आवाज! आजीवर नाही गेली बरं का."

"ओरडू दे तिला." सासूबाईंनी नातीच्या पायावरून सरकलेलं दुपटं नीट केलं. "ऐकायला एवढ्या जणी उभ्या आहोत. माझ्या तिन्ही वेळी खोलीत मी एकटीच. हूं की चूं करणार तरी कुणापाशी?"