बिलाआधी सरबत

कडाव गावच्या सात बायका टेंपोतून उतरून झाकीरशेठच्या दुकानात गादीवर टेकल्या, आणि टेकल्याटेकल्याच समोर सरबत आलं. तिथंच सगळं बिघडलं.

कर्जतच्या या दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला आलं की सरबत मिळायचं ते अगदी शेवटी. साड्या ठरल्या, बिल झालं, मग सरबत. ते प्यालं की सौदा पक्का. तीस वर्षांचा नेम. पण यंदा खालापूरकडच्या कंपन्यांत एकेक पाळी बंद झाली, लोकांनी लग्नं आटोपशीर केली, आणि झाकीरशेठच्या मुलीनं, हुमानं, बापाला बजावलं. अब्बा, आता गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं. कशालाच नाही म्हणायचं नाही. आणि सरबत आल्याआल्या द्यायचं. सकाळी तर तिनं त्याला आरशासमोर हसायला लावलं होतं.

दोन महिन्यांतला हा पहिला बस्ता. हा गेला तर दुकानात नुसता पंखा फिरणार.

म्हणून झाकीर हसत होता. त्या सातजणींतल्या जिजानं केशरी साडी उचलली, छान म्हणाला. ती ठेवून जांभळी उचलली, तर ती त्याहून छान. नवरीच्या आत्याला कुठली शोभेल विचारलं, तर म्हणे तुम्हाला आवडेल ती. गाल दुखायला लागले बिचाऱ्याचे.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. नवरीची आई अंबाबाई. तिनं थोरल्या तिन्ही पोरींचे बस्ते इथंच बांधलेले, दर वेळी शेठची बोलणी खाऊन. आता चौथीचा. समोरच्या ग्लासाला तिनं हात लावला नव्हता. ती जिजाच्या कानाशी लागली, पण शेताच्या बांधावरून हाका मारायची सवय, साऱ्या दुकानाला ऐकू गेलं.

"माल खराब असंल गं. नायतर हा मानूस हसंल कशाला?"

मग तिनं शेठलाच विचारलं, तब्येत बरी हाय ना.

"एकदम मस्त, ताई."

ताई! तीस वर्षांत त्यानं तिला कधी ताई म्हटलं नव्हतं. अंबाबाई उठलीच. जरा पनवेलला बघून येतो, म्हणाली, आणि दारात जाऊन चपला शोधायला लागली. बाकीच्याही पदर सावरत उठल्या. हुमा गल्ल्यामागून त्याला खुणा करत होती, हसा, अब्बा, हसा.

शेवटची उठली जिजा. तिच्या हातात अजून एक पोपटी साडी होती, सोडवत नव्हती.

"ही तरी घेऊ का शेठ? शेतावर नेसायला व्हईल."

झाकीरनं साडीकडे बघितलं. जिजाकडे बघितलं. हुमाकडे बघायचं टाळलं.

"ठेव ती खाली," तो म्हणाला. हसू कुठल्या कुठं गेलं. "मांडवात एकदा मिरवायची साडी हाय ती. चिखलात नेसशील, दोन धुण्यांत चाळण होईल, मग माझ्या नावानं बोंबलत येशील. आणि अंबाबाई, दारात उभ्या राहून वारा अडवू नका. घ्यायचं असंल तर बसा, नायतर पनवेलची एसटी समोरच लागलीय."

हुमानं कपाळाला हात लावला.

अंबाबाईचा एक पाय चपलेत होता. तो तिनं बाहेर काढला.

"बसा गं," ती बायकांना म्हणाली. "आन् टेंपोवाल्याला सांगा, दिवस जाईल म्हनावं."

ती पुन्हा गादीवर आली, ऐसपैस मांडी घातली, आणि बर्फ विरघळून कोमट झालेला आपला ग्लास उचलून एका दमात रिकामा केला.