मोठा बर्नर

‘तुमच्या घरातलं प्रत्येक उपकरण कधी चालू होतं आणि कधी बंद होतं, ते या ॲपला दिसेल. परवानगी द्यायची?’

रीमाच्या फोनवर ही सूचना आली तेव्हा तिचे हात कणकेत होते. वीज वाचेल, आजच जोडून टाक, असं तिचा नवरा सुशांत ऑफिसला जाताना सांगून गेला होता. शेवटी समोरच्या घरात राहणारी तिची मैत्रीण उत्तराच खाली बेसमेंटमध्ये गेली आणि विजेच्या पॅनेलशेजारी बसवलेल्या ॲपच्या डबीचं बटण दाबून आली. सूचना तिने वाचली होती. “दिसू दे की,” ती हसून म्हणाली होती, “आपण काय दरोडे घालतोय?”

ते पानगळीचे दिवस होते. आता अमेरिकेतल्या त्यांच्या गावात, ईडन प्रेरीत, गुडघाभर बर्फ होता.

उत्तरा रस्ता ओलांडून आली. कडेवर आठ महिन्यांचा कुश. रीमाने दार उघडलं. घरातच तिच्या अंगात जाकीट होतं.

“निघालीस का कुठे?”

“नाही गं. ये ना.”

दोघी सोफ्यावर बसल्या. शाळेचं झालं, सर्दीचं झालं, बर्फाचं झालं. चहाचं नाव नाही.

“काय गं,” उत्तरा म्हणाली, “पुण्याची मी आहे, तू नागपूरची ना? ‘चहा घेऊनच आली असशील’ असं आमच्याकडे म्हणतात.”

रीमा हसली. उठली नाही. “दूध संपलंय आज.”

उत्तरालाही हसू आलं, पण थोडं लागलंही. या घरात नको नको म्हटलं तरी दुसरा कप पुढे यायचा.

कुश भुकेने कुरकुरायला लागला. त्याची बाटली कोमट करायला उत्तरा किचनमध्ये गेली. पाण्यासाठी पातेलं शोधताना तिने फ्रिजमध्ये डोकावलं. दारात दुधाचा अख्खा गॅलन होता. तिने फ्रिज लावला, पातेलं विजेच्या शेगडीच्या मोठ्या बर्नरवर ठेवलं आणि बटण फिरवलं.

“उत्तरा, नको, ते…”

रीमाचा फोन वाजला.

रीमाने ओठांवर बोट ठेवलं आणि फोन उचलला. घर इतकं शांत होतं, की पलीकडचा शब्दन् शब्द ऐकू येत होता. सुशांतचा आवाज नेहमीसारखाच मऊ.

“काय चाललंय, राणी?”

“काही नाही. पाणी तापवतेय.”

“मोठ्या बर्नरवर? एकटीसाठी?”

“डोकं दुखतंय. वाफ घेते जरा.”

“अरे रे. कोणी आलंय का?”

“कोण येणार?”

कुशने रडायला तोंड उघडलं. उत्तराने त्याच्या तोंडावर हात ठेवला. स्वतःच्या बाळाच्या.

“बरं. काळजी घे.”

रीमाने फोन ठेवला, बर्नर बंद केला. मग पातेल्यातलं पाणी सिंकमध्ये ओतलं.

तिची चार वर्षांची अनिका खाली बसून चित्र रंगवत होती. तिने मान वर केली नाही. बाहेर बर्फ पडतोय असं सांगावं, तसं म्हणाली, “डॅडी कॅन सी द स्टोव्ह, आंटी.”

“चल,” उत्तरा उठली. “काढून टाकू ते. मीच दाबलं होतं ना बटण?”

“जोडायला कोणीही बटण दाबलं तरी चालतं. काढायला मालकाचा पासवर्ड लागतो. बघितलंय मी करून.” रीमाने रिकामं पातेलं पुसून जागेवर ठेवलं. “घर त्याच्या नावावर, व्हिसा त्याच्या नावावर. आता बर्नरपण.”

“मग दुपारची माझ्याकडे येत जा.”

“दुपारभर काहीच चालू झालं नाही, तर तेही दिसतं ना. मग विचारतो, कुठे होतीस.”

“आणि मग?”

रीमाने जाकिटाची बाही बोटांपर्यंत खाली ओढली.

“रीमा, पोलिसांना सांगू या.”

“वेडी आहेस का? मला परत पाठवतील.” तिने अनिकाकडे पाहिलं. “ही इथली नागरिक आहे.”

“असं नसतं गं. आपण विचारू कुणाला तरी, वकिलाला.”

“विचार. पण माझं नाव नको घेऊस.”

कुशने दूध गारच प्यायलं.

उत्तरा बूट घालत होती तेव्हा रीमा मागे येऊन उभी राहिली. “येशील ना गं परत? शनिवारी तो बेलपण ॲपला जोडणार आहे. तू टकटक कर. हळूच.”

तेव्हापासून उत्तरा थर्मासमध्ये चहा भरून न्यायची. आलं जास्त, साखर कमी, रीमाला आवडतो तसा. दोघी दाराच्या आत बुटांच्या स्टँडशेजारी उकिडव्या बसून प्यायच्या. एका वकीलबाईंचा नंबर मिळाला होता. तो तिने तोंडपाठ करून ठेवला होता, रीमाला तसाच पाठ करून घ्यायचा होता.

काल तिने टकटक केली. दार उघडलं नाही. पुन्हा केली. मग दाराच्या आतून, खूप खालून, लहान हाताची तशीच टकटक आली. हळूच. आणि थांबली.

थर्मास उत्तराच्या हातात अजून गरम होता.

तुमच्या ओळखीतल्या एखाद्या घरी अलीकडे चहाचं विचारत नसतील, तर मनाला लावून घेऊ नका. आज परत जाऊन या. बेल मात्र वाजवू नका.