ओढ्यापर्यंत

अंगण.

"गाडी पुढे जाऊ द्या," गोगो नाचिसाले, साऱ्या गावाची आजी, म्हणाली. "अमाई माझ्याबरोबर चालत येतील."

पाद्री नाम गाडीत बसले होते, मागे त्यांच्या दोन मुली. परवा राजधानीतून, लिलाँग्वेहून, त्यांचं घरी कोरियाला जायचं विमान होतं आणि निरोपाची अजून सहा घरं राहिली होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग बायकोकडे. हेजिन, गावाची अमाई म्हणजे बाई, उतरलीसुद्धा होती. "ओढ्याशी थांबतो," ते म्हणाले आणि धूळ उडवत गेले.

कुडापलीकडून गोगोची धाकटी बहीण एसनाती ओरडली, "ताई, गाडीवाल्या पाहुण्यांना पायी पोचवतेस? परवा विमानामागंही धाव हो!"

"तू शेळ्या बघ तुझ्या. माझ्या शेंगांत तोंड घालून घालून माजल्यात," गोगो म्हणाली आणि कमरेचं कापड घट्ट केलं.

चिंचेपर्यंत.

पाहुण्याला वाटेवर पोचवायला जायचं. जितका जिव्हाळा तितकं लांब. घरात त्याची खुशाली विचारायची, त्याला वाढायचं, तो म्हणेल त्याला हो म्हणायचं. खरं बोलायचं ते या वाटेवर. पण हे कुटुंब पाच महिन्यांत गोगोला वाटेवर सापडलंच नव्हतं. दारातून उठलं की गाडीत.

भुईमूग काढून झाला तेव्हा तिनं शेत दिलं होतं, बालवाडी बांधायला. वर्षभराच्या शेंगा त्यातच व्हायच्या. आता वरंबे घालायचे दिवस आले होते आणि भिंती छातीपर्यंत येऊन थांबल्या होत्या. पाद्री रोज संध्याकाळी भिंतीपुढे मुलींना उभं करून फोटो काढायचे. वीट वाढली नसली तरी काढायचे. ते कुणाला दाखवत असतील, याचा गोगोनं पुष्कळ विचार केला होता.

वारुळापर्यंत.

"अमाई, तुम्ही परत येणार का?"

हेजिननं तोंड उघडलं. चेहरा प्रार्थनेतला झाला. गोगोनं हात वर केला.

"घरातलं उत्तर नको. ते मघाशी जेवताना ऐकलं. परत येऊ, छप्पर घालू. मी टाळ्यासुद्धा वाजवल्या. आता आपण वाटेवर आहोत. नाही म्हणालात तर मी पेरून टाकीन. हो म्हणालात तर जागा राखीन. पाऊस काही थांबणार नाही."

वारुळापासून पुढे.

हेजिनच्या चपलेत खडा गेला. तिनं तो काढला. थोड्या वेळानं पुन्हा वाकून चप्पल झटकली, तेव्हा त्यात काही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. तिची चिचेवा भाषा मोडकी होती, पण तिला पाद्रींसारखी घाई नसायची. "बहुतेक नाही. त्यांना वाटतं, येऊ. खरंच वाटतं. प्रत्येक गावात वाटतं."

"प्रत्येक म्हणजे?" गोगो थांबलीच. "किती गावं?"

"तीन. तिसरं तुमचं."

"आणि तिथल्या भिंती कुठवर आल्यात?"

हेजिननं हात गुडघ्याशी धरला. मग कमरेशी.

गोगो खदखदून हसली. "म्हणजे आमचीच सगळ्यांत उंच!"

हेजिनही हसली.

"तुम्हाला शंका होती," ती म्हणाली. "मग शेत का दिलंत?"

"तुम्ही घरात बसून मागितलंत. पुढ्यात मक्याच्या पिठाची न्सिमा वाढलेली. जेवत्या पाहुण्याला नाही कसं म्हणणार?"

"आणि इथं, वाटेवर मागितलं असतं तर?"

"तर नाही म्हटलं असतं," गोगो म्हणाली. अगदी सहज, पुढे खड्डा आहे म्हणून सांगावं तसं.

ओढा.

गाडी उभी होती. एक मुलगी खिडकीतून हात हलवत होती. हेजिननं गोगोचा हात दोन्ही हातांत धरला, आणि तशीच उभी राहिली. पाहुण्यानं परत जा म्हटल्याशिवाय पोचवणाऱ्यानं फिरायचं नसतं. पाद्रींनी हॉर्न वाजवला.

"म्हणा," गोगो हळूच म्हणाली. "फिरा आता, म्हणा."

हेजिनचे ओठ हलले. हॉर्न पुन्हा वाजला.

"फिरा आता," ती म्हणाली.

शेत.

विमान गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोगो कुदळ घेऊन भिंतींच्या आत शिरली. दाराच्या जागी बाभळीचं झुडूप ओढून लावलं. उन्हं चढेपर्यंत चार वरंबे झाले.

भिंतीवरून एसनातीचं डोकं दिसलं. तिच्या शेजारी तिच्या शेळीचं. शेळीनं पुढचे पाय विटांवर टाकले, दोनदा उडी मारली, आणि नुसतीच बघत राहिली.

"शाळेत शेंगा पेरतेस ताई! लाज आहे का?"

"यंदा पहिल्यांदा सगळ्या मला मिळतील."

"आणि ते परत आले तर?"

गोगोनं कुदळीला चिकटलेली माती पायानं काढली. हा विचार तिनं केला नव्हता असं नाही. उलट, काल रात्रभर त्याचीच तिला मोठी गंमत वाटत होती.

"आले तर मागतील की पुन्हा," ती म्हणाली. "या खेपेला कुठं मागतात, ते बघायचंय मला."