देवक उठेपर्यंत

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत एक प्रश्न विचारला जाणार आहे. हा प्रश्न आपल्या घरांत कोणी मोठ्याने उच्चारीत नाही, आणि उच्चारलाच तर उच्चारणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवला जातो. ज्यांचे काळीज हळवे आहे त्यांनी मन घट्ट करून पुढे वाचावे, ही नम्र विनंती.

नाशिकच्या द्वारका चौकाच्या अलीकडे असलेल्या एका मानसोपचार रुग्णालयात, स्त्रियांच्या कक्षात, सगुणाबाई खाटेवर बसून आपल्या पातळांच्या घड्या घालीत होत्या. आज त्यांना घरी सोडणार होते. त्यांचा मुलगा सोमनाथ सायखेड्याहून गाडी घेऊन आला होता व दारापाशी उभा होता. परिचारिका तेजस्विनी खाटेजवळ स्टूल ओढून बसली. घरी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाशी परिचारिकेने शांतपणे बोलावे, आणि त्या बोलण्यात तो एक प्रश्न आडपडदा न ठेवता विचारावा, अशी त्या कक्षाची शिस्त होती. तेजस्विनीवर ही वेळ प्रथमच आली होती.

“सिस्टर, आता काय राह्यलं?” सोमनाथ म्हणाला. “डॉक्टरांनी सही केली. आई जेवती, झोपती, हसती. माझ्या पूजाच्या हळदीची तारीख तर रोज फोनवर इचारती. याच्यापेक्षा बरं माणूस कसं असतं?”

“नायतर असं करा,” सगुणाबाई हसून म्हणाल्या, “मांडव इथंच घाला. डॉक्टरला म्हणा, पंगतीत वाढायला या. लय मिरवतो गळ्यात नळी घालून, जरा बुंदीचं घमेलं बी उचलू दे!”

तेजस्विनीही हसली. मग तिने विचारले, “आजी, घरी गेल्यावर काय काय करणार?”

सगुणाबाईंच्या मुखावर तेज आले. हळद दळायची होती. नातीला चुडा भरायचा होता. रुखवताचे लाडू दुसऱ्या कोणाच्या हातचे त्यांना पसंत पडत नव्हते. देवकाला सोमनाथ आणि सून बसणार होते. पण देवकासाठी पाच झाडांची पाने त्या स्वतः मळ्यातून आणणार होत्या.

“आणि लग्न झाल्यावर?”

“झाल्यावर काय? पोर जाईल सासरी.”

“पहिल्या दिवाळीला माहेरी येईल ना. तेव्हा तिला काय करून घालाल?”

सगुणाबाईंचा हात घडीवर थांबला.

“तवा सून हाय की. ती करील.”

“आणि तुम्ही?”

सगुणाबाईंनी घातलेली घडी उघडली व पुन्हा घातली.

तेजस्विनीच्या ते ध्यानात आले. लग्नापर्यंतचा प्रत्येक दिवस या स्त्रीने कामांनी भरून ठेवला होता. त्यापलीकडे मात्र ती स्वतः कोठेच नव्हती.

आता विचारणे भाग होते. शब्द जिभेपर्यंत आले आणि भयाने मागे फिरले. वास्तू तथास्तु म्हणत असते, हे तीही लहानपणापासून ऐकत आली होती. आपण विचारले, आणि तसेच घडले तर? आपण न विचारले, आणि तरीही तसेच घडले तर? तिने स्टूल आणखी जवळ ओढले. आवाज खाली आणला, परंतु कापू दिला नाही.

“आजी, जीव द्यावा असं मनात येतं का?”

“ओ सिस्टर!” सोमनाथ दारातून धावत आत आला. “तोंड आवरा! लग्नघर हाय आमचं. वास्तू तथास्तु म्हणती. एवढ्या शिकल्या-सवरल्या तुम्ही, अन असलं अभद्र बोलता?”

“दादा, थांबा. त्यांना बोलू द्या.”

“काय बोलायचं त्याच्यात? आई, ऊठ. चल तू.”

सगुणाबाई उठल्या नाहीत. त्या तेजस्विनीकडे पाहत होत्या.

“येतं की,” त्या म्हणाल्या. कोणी चहा घेणार का म्हणून पुसावे आणि हो म्हणावे, इतका तो स्वर साधा होता.

“कधी, आजी?”

“आत्ता नाय, पोरी. घरात सुतक पडलं तर पूजाचं लग्न अडंल. पाव्हणे काय थांबायचे नाय. लग्न लागू दे, मांडवातलं देवक उठू दे. मंग मी मोकळी.”

सोमनाथ फरशीवरच खाली बसला.

“आई... तू तारीख याच्यासाठी इचारत व्हती?”

तेजस्विनीने सगुणाबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

“आजी, सांगितलंत ते फार बरं केलंत. आज घरी जायचं नाही. मी डॉक्टरांना इथेच बोलावते. ते येईपर्यंत मी तुमच्याजवळून उठणार नाही.” आणि तिने मान वळवून बाहेरच्या परिचारिकेला मोठ्याने हाक मारली.

सगुणाबाईंनी दुसरा हात पुढे केला आणि खाली बसलेल्या मुलाच्या केसांवरून मायेने फिरविला.

“येड्या, भितो कशापाई?” त्या म्हणाल्या. “लग्नात काय बी कमी पडू द्यायची नाय मी.”

वाचकहो, एवढा वेळ आपण माझ्या शब्दांजवळ बसलात, त्याबद्दल अंतःकरणापासून आभार मानतो.

आपला नम्र,
लहानू सावळीराम गायखे
नाशिक रोड