धाकटीचा आवाज

बारशाला जमलेल्या बायकांसमोर बायजाक्कांनी धाकट्या सुनेचं बाळ उचललं आणि मूल नसलेल्या थोरलीच्या ओटीत घातलं. "आजपासून हीच याची आई. एकाच चुलीवर रांधणाऱ्या दोघी, कुणाचं काय गेलं?" त्यांचा शब्द खाली पाडायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. थोरली हसली. धाकटी घुगऱ्यांचं निमित्त काढून माजघरात गेली.

बाळाने मात्र भोकाड पसरलं. थोरलीने थोपटलं, जोजवलं, अंगाई म्हटली. पोर रडून काळंनिळं झालं. तेवढ्यात माजघरातून धाकटीने कुणाला तरी विचारलं, "घुगऱ्यांवर खोबरं घालू का?" बाळ एकदम गप्प झालं. इवलीशी मान दाराकडे वळली.

"पोटात असल्यापासून आईचा आवाज ऐकतात हो ही," शेजारची नर्सबाई म्हणाली. "जन्मल्याबरोबर ओळखतात."

"माझ्या चार पोरांनी नऊ-नऊ महिने माझंच ऐकलं. एकाला तरी अक्कल आली?" बायजाक्का फटकन बोलल्या. बायका खिदळल्या. थोरली हसली नाही. ती बाळाची वळलेली मान बघत होती.

बायजाक्का उठल्या, माजघरात गेल्या आणि दार लोटून घेतलं. "तो तुला विसरेपर्यंत," त्या धाकटीला म्हणाल्या, "त्याच्या कानावर पडेल असा एक शब्द बोलायचा नाहीस."

"पण आत्याबाई..."

"आत्ता काय सांगितलं?"

धाकटीने पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाहेर पुन्हा रडणं सुरू झालं. त्यात आता थोरलीचाही आवाज होता.